अप्पांनी दिलेला हातोडा

माळावरच्या एका बाजारगावात मन्मथअप्पा नावाचे एक दुकानदार राहत होते. खिळे, कोयंडे, कुदळीचे दांडे, बादल्या, दोरखंड असा त्यांचा माल. बोलणं गोड, वागणं सरळ. गावात त्यांचं कुणाशी वाकडं नव्हतं. याचं एक कारण असं, की अप्पा कधी कुणाच्या मध्ये पडतच नसत. भावाभावांत बांधावरून भांडण लागलं, की दोघंही त्यांच्याच दुकानातून कुऱ्हाडीचे दांडे नेत, आणि अप्पा दोघांशीही हवापाण्याचं बोलत. रस्त्यात बाचाबाची दिसली, की ते दुसऱ्या गल्लीने घरी जात. लोक याला सज्जनपणा म्हणत. अप्पाही तसंच म्हणत. खरं तर त्यांना भीती वाटायची. कशाची, ते त्यांना नेमकं सांगता आलं नसतं.

त्या वर्षी गावातल्या सायकली चोरीला जाऊ लागल्या. एक देवळामागून गेली, एक दवाखान्यासमोरून. मग व्यंकटच्या अंगणातून त्याच्या मुलीची सायकल गेली. व्यंकट पिठाच्या गिरणीत कामाला होता. पुढच्या गावच्या शाळेत मुलीला जाता यावं म्हणून त्याने पोटाला चिमटा काढून ती घेतली होती. सायकल गेली आणि मुलगी घरी बसली. व्यंकट पूर्वी हसरा माणूस होता. आता तो गिरणीच्या दारात उभा राहून येणाऱ्याजाणाऱ्याचं तोंड न्याहाळू लागला.

चोर सापडले नाहीत, म्हणून त्यांच्याबद्दलच्या गोष्टी वाढत गेल्या. ते बाजाराच्या दिवशी येतात. भर उन्हात, सगळ्यांसमोर कुलूप तोडतात. काहीतरी विकायचं सोंग घेतात. पुढे पुढे लोक सांगू लागले, की सायकल हे नुसतं निमित्त आहे, त्यांची नजर लेकरांवर असते. आपण स्वतः पाहिलं असं कुणीच म्हणत नव्हतं. जो तो दुसऱ्याने पाहिल्याचं सांगे. तरी बायका मुलांना ओसरीवरसुद्धा खेळू देईनात. दाराआड काठ्या आल्या. शेजारच्या गावात एका भांडी विकणाऱ्याला लोकांनी धरल्याची बातमी आली. त्याचं पुढे काय झालं, हे विचारलं की सांगणारा विषय बदलायचा.

अशा दिवसांत एका बाजाराला नदीपलीकडून लिंबाजी आला. चाळण्या विणणं आणि जुन्या चाळण्यांना नवी जाळी बसवणं हा त्याचा धंदा. सायकलच्या मागे चाळण्यांची चळत बांधलेली, पुढे पिशवीत तारेची भेंडोळी. अप्पांच्या दुकानाच्या बाजूच्या भिंतीला सावली होती. तिथे सायकल ठेवू का, असं त्याने पायरीपाशी येऊन विचारलं. अप्पांनी मान हलवली. लिंबाजीने सायकल भिंतीला टेकवली, मागच्या चाकाचं कुलूप लावलं, चावी कमरेच्या पिशवीत ठेवली आणि चाळण्या खांद्यावर घेऊन तो बाजारात गेला. हे सगळं अप्पांनी गल्ल्यावर बसून पाहिलं.

उन्हं कलल्यावर तो परत आला. चाळण्या खपल्या होत्या, पण घरी निघायच्या वेळी कुलूप अडलं. चावी आत जाई, अर्धी फिरे आणि थांबे. त्याने चावी काढून फुंकर मारली, पुन्हा घातली, कुलपाला हलवून पाहिलं. कुलूप हलेना. मग तो दुकानात आला आणि अप्पांना म्हणाला, की कुलूप गच्च बसलंय, जरा हातोडा द्या, ठोकून बघतो, नाहीच निघालं तर तोडून टाकतो. अंधार पडायच्या आत त्याला नदी उतरायची होती. नदीला पूल नव्हता. उजेड असेल तरच पायाखालचे दगड दिसत.

अप्पांनी गल्ल्याखालचा स्वतःच्या वापरातला हातोडा काढून त्याच्या हातात दिला. तो वळला, तेव्हा अप्पांच्या मनात आलं, की हे दिवस बरे नाहीत. परका माणूस, हातात हातोडा, समोर कुलूप. आपण जरा बाहेर जाऊन याच्याजवळ उभं राहावं. इतकं मनात आलं. पण तेवढ्यात त्यांना असंही वाटलं, की उगाच कशाला. ते खिळ्यांची पुडी बांधत बसले.

बाहेर ठक असा आवाज झाला. मग पुन्हा ठक. तिसऱ्या वेळी हातोडा पडला तेव्हा बाजारातला गलका एकदम कमी झाला. आवाज थांबला की माणूस मान वर करतो. तशी अप्पांनी मान वर केली. भाजीवाल्या बायका उठून उभ्या राहिल्या होत्या. एकीने आपलं लेकरू ओढून पदराखाली घेतलं. पलीकडच्या दुकानांतून माणसं बाहेर येत होती. कुणी धावत नव्हतं. सगळे हळूहळू चालत भिंतीकडे येत होते, आणि ते हळू चालणंच अप्पांना फार भेसूर वाटलं.

सगळ्यांच्या पुढे व्यंकट होता.

त्याने लिंबाजीची मानगूट धरली. सायकल कुणाची, असं विचारलं. लिंबाजी म्हणाला, माझी. मग कुलूप का तोडतोस? लिंबाजीने सांगितलं, की चावी फिरत नाही, ही बघा चावी. गर्दीतून कुणीतरी म्हणालं, की चोराकडे चाव्या असतातच. मग लिंबाजीने दुकानाकडे बोट केलं. हा हातोडा अप्पांचा आहे, त्यांनीच दिला, सकाळी मी आलो तेही त्यांनी पाहिलंय, त्यांना विचारा.

व्यंकट दुकानाच्या पायरीशी आला. रागाने त्याची मान आणि कान लाल झाले होते. त्याच्यामागे माणसांची भिंत उभी राहिली. ओळखीची माणसं. रोजची गिऱ्हाइकं. त्यातला एकही चेहरा अप्पांना त्या वेळी ओळखीचा वाटला नाही.

"अप्पा, याला हातोडा तुम्ही दिला?" व्यंकटने विचारलं.

हो म्हणावं, तर ही सगळी माणसं आत शिरतील असं त्यांना वाटलं. शेजारच्या गावातला तो भांडीवाला त्यांच्या डोळ्यांपुढे आला. त्यांनी नजर खाली घातली आणि हातातल्या पुडीची दोरी ओढत ते म्हणाले, "बाजाराचा दिवस आहे, बाबा. हातोडे पुष्कळ जण नेतात. कुणाकुणाला लक्षात ठेवू?"

व्यंकटला तेवढं पुरलं. तो वळला. लिंबाजीने हे ऐकलं होतं. त्याने अप्पांकडे पाहिलं. त्या नजरेत राग नव्हता. अप्पा अजून काहीतरी बोलतील, अशी त्यात आशा होती. मग मध्ये माणसं आली आणि तो दिसेनासा झाला.

अप्पांच्या पत्नी महानंदाबाई आतून आल्या. त्यांनी बाहेर एक नजर टाकली आणि काही न विचारता दुकानाच्या फळ्या लावायला घेतल्या. शेवटची फळी बसली तसा आत काळोख झाला. फटींतून उन्हाच्या बारीक रेघा तेवढ्या येत होत्या. त्या हळू आवाजात म्हणाल्या, की मध्ये पडू नका, ती माणसं आता कुणाचं ऐकायची नाहीत. अप्पांनी मान हलवली. त्यांना हेच ऐकायचं होतं. पण ऐकून बरं वाटलं नाही.

बाहेरून आवाज येऊ लागले. आधी शिव्या. मग काहीतरी आपटल्याचा आवाज. सायकल पडली असावी. मग काठीचा आवाज आला. काठी लाकडावर पडली तर कशी वाजते आणि माणसावर पडली तर कशी, हे अप्पांना तोवर माहीत नव्हतं. त्यांचे गुडघे कापू लागले. ते गोणीवर बसले. त्यांनी कानांवर हात ठेवले. तरी एक आवाज आत येतच राहिला. लिंबाजी हाका मारत होता. तो शिव्या देत नव्हता, देवाचं नाव घेत नव्हता. तो नुसता "अप्पा, अप्पा" म्हणत होता.

अप्पा मनाशी म्हणू लागले, की मी एकटा काय करणार. मला मूलबाळ आहे. पोलीस तालुक्याला असतात, कुणीतरी गेलंच असेल. कुणीतरी मोठा माणूस येईल आणि सोडवील. पण गावात त्या सायकलीबद्दल खरं काय ते ठाऊक असलेला दुसरा कुणीही नव्हता. हे त्यांना कळत होतं, आणि कळत होतं म्हणूनच ते उठू शकत नव्हते.

मग हाका थांबल्या.

हाका चालू होत्या तोवर अप्पांना स्वतःसाठी भीती वाटत होती. हाका थांबल्या आणि त्यांना दुसरीच भीती वाटली. ती पहिलीपेक्षा मोठी होती. ते उठले. महानंदाबाईंनी त्यांची बाही धरली. अंधारात दोघं क्षणभर तशीच उभी राहिली. अप्पा म्हणाले, "हातोडा मीच दिलाय त्याला." महानंदाबाईंनी बाही सोडली आणि स्वतःच फळी बाजूला केली.

दुकानापासून भिंतीपर्यंतचं अंतर काहीच नव्हतं. तरी ते अप्पांना सरता सरेना. लोक त्यांना वाट देत होते, कारण अप्पा कुणाच्या विरुद्ध बोलणार नाहीत, याची सगळ्यांना खात्री होती. मध्ये लिंबाजी भिंतीला पाठ लावून बसला होता. डोक्यातून रक्त येत होतं. उजवा हात त्याने छातीशी धरला होता आणि त्या हाताची बोटं भलत्याच दिशेला वळली होती. डोळे उघडे होते. तो जिवंत आहे हे पाहून अप्पांना रडू आलं. ते त्याच्या आणि काठ्यांच्या मध्ये जाऊन उभे राहिले.

अप्पांनी सांगितलं, की ही सायकल याचीच आहे. सकाळी हा तिच्यावरूनच आला. कुलूप लावून चावी त्याने माझ्यासमोर कमरेला ठेवली. हातोडा मी दिला.

व्यंकट त्यांच्याकडे बघत राहिला. म्हणाला, "मघाशी तर नाही म्हणालात."

"नाही म्हणालो नाही. हो म्हणालो नाही. घाबरलो होतो."

"आता घाबरला नाहीत?"

"आताही घाबरलोय," अप्पा म्हणाले.

मागून एकाने ओरडून सांगितलं, की अप्पा यांना सामील आहेत, चोरांना हत्यारं यांच्याच दुकानातून जातात. दुसऱ्याने त्याची री ओढली. एक दगड येऊन दुकानाच्या पत्र्याच्या पाटीवर आदळला. गर्दी थोडी पुढे सरकली. ज्या माणसांना अप्पांनी आयुष्यभर दुखावलं नव्हतं, ती त्यांच्याकडे अनोळखी माणसासारखी पाहत होती. पळावं असं त्यांना फार वाटलं. पण पळायला वाटच राहिली नव्हती. त्यांनी लिंबाजीकडे हात केला आणि चावी मागितली.

लिंबाजीने डाव्या हाताने कमरेची पिशवी चाचपली आणि चावी काढून दिली. अप्पा सगळ्यांना ऐकू जाईल असं म्हणाले, की चावी या कुलपाची असेल तर कुलूप उघडेल. नसेल तर मी इथेच आहे.

हे बोलून झाल्यावर त्यांच्या लक्षात आलं, की आपण काय बोलून बसलो. कुलूप तर आधीच अडलेलं होतं. वरून त्यावर हातोडा बसला होता, सायकल आपटली गेली होती. चावी खरी असूनही फिरली नाही तर? आणि जोर लावताना आत मोडली तर? मग या माणसांना काय दाखवायचं?

ते सायकलपाशी खाली बसले. चावी भोकात घालायला त्यांना दोनदा प्रयत्न करावा लागला. चावी आत गेली. अर्धी फिरली आणि थांबली. त्यांनी जोर केला. चावीची कडी बोटांत रुतली, पण कुलूप हललं नाही. गर्दीतून हुंकार आला. कुणीतरी काठी जमिनीवर आपटली. अप्पांनी आणखी जोर केला आणि चावी वाकते आहे असं त्यांना जाणवलं. त्यांनी हात काढून घेतला. घाम डोळ्यांत उतरत होता.

महानंदाबाई गर्दीतून पुढे आल्या. त्यांच्या हातात शिवणयंत्राच्या तेलाची बाटली होती. त्यांनी ती नवऱ्याच्या हातात दिली आणि तिथेच उभ्या राहिल्या. अप्पांनी तेल सोडलं. पण चाक पडल्या जागी वेडंवाकडं टेकलेलं होतं आणि त्याचा एक आरा कुलपाच्या दांडीवर चेपून बसला होता. दांडीवर असा भार असताना कुलूप सुटणार कसं? ते एकट्याने होणारं काम नव्हतं. अप्पांनी वर पाहिलं. सगळ्यांत जवळ व्यंकटच उभा होता.

"व्यंकट, मागचं चाक उचलून धर. जरासं उलटं फिरव. माझे हात कापताहेत."

व्यंकट जागचा हलला नाही. अप्पा तसेच बघत राहिले. शेवटी व्यंकटने काठी काखेत मारली. ती तिथे राहीना, म्हणून खाली ठेवली. तो वाकला, त्याने चाक उचललं आणि हळूच मागे घेतलं. आरा दांडीपासून सुटला. अप्पांनी चावीला जोर दिला नाही. तेल आत उतरू दिलं आणि मग नुसतं बोटाने चावी फिरवली.

खट् असा आवाज झाला. दांडी मागे गेली. व्यंकटच्या हातातलं चाक मोकळं होऊन गरगर फिरू लागलं.

चाक थांबेपर्यंत सगळे त्याच्याकडेच पाहत राहिले. मग मागच्या मागे माणसं कमी होऊ लागली. एकाला जनावरं बांधायची आठवली, एकाला दुकान. ज्याने दगड मारला होता तो कोण, हे कधीच कळलं नाही. व्यंकट मात्र चाक धरून तसाच ओणवा राहिला. मग तो लिंबाजीपुढे बसला आणि त्याचा हात बघू लागला. लिंबाजीने हात मागे घेतला.

अप्पांनी त्याला दवाखान्यात नेलं. कंपाउंडरने जखम बांधली, बोटांना पट्ट्या लावल्या आणि तालुक्याला जायला सांगितलं. अप्पांनी लिंबाजीला आजची रात्र आमच्याकडे राहा म्हणून विनवलं. त्याने नकारार्थी मान हलवली. अंधार पडेपर्यंत त्याला या गावात थांबायचं नव्हतं. एका हाताने त्याला सायकल नदीपार नेता आली नसती, म्हणून अप्पा ती ढकलत त्याच्याबरोबर निघाले. वाटेत घरांची दारं लोटलेली होती. फटींतून कुणी पाहत होतं, कुणी नव्हतं. कुणीतरी पुन्हा मागून येईल, अशा धास्तीने दोघेही सारखे मागे वळून बघत होते.

नदीशी पोहोचले तेव्हा पाण्यावर थोडा उजेड होता. अप्पांनी सायकल खांद्यावर घेऊन पलीकडे नेली. लिंबाजी मागून दगड चाचपत आला. काठावर अप्पा त्याला म्हणाले, की माझ्याने उशीर झाला, मला माफ कर.

लिंबाजी म्हणाला, "अप्पा, तुम्ही आलात म्हणून मी घरी चाललोय. ते मी विसरणार नाही. पण त्यानं तुम्हाला दुकानात विचारलं, तेव्हा माझे दोन्ही हात धड होते. तेही कसं विसरू?"

एवढं बोलून त्याने डाव्या हाताने सायकल धरली आणि तो अडखळत चालू लागला. अप्पा ओल्या धोतराने काठावर उभे राहिले.

लिंबाजीची दोन बोटं कायमची वाकडी राहिली. तारेची बारीक जाळी त्याला पुन्हा विणता आली नाही. तो त्या बाजाराला परत आला नाही. व्यंकट आणि अप्पा दोघं मिळून त्याच्या गावी जाऊन आले. त्याने त्यांना पाणी दिलं, बसायला घोंगडी टाकली, पण जुनं बोलणं काढलं नाही. सायकली कुणी नेल्या, हे गावाला शेवटपर्यंत कळलं नाही.

अप्पांची भीती काही गेली नाही. गर्दी दिसली, की त्यांचे गुडघे अजून कापत. पण त्यानंतर कुणी त्यांना काही विचारलं आणि त्यांना ते ठाऊक असलं, तर ते आधी उत्तर देत आणि मग कापत.

तात्पर्य: भीती वाटणं हा गुन्हा नाही, पण ठाऊक असलेलं खरं आपण जितका वेळ दाबून ठेवतो, तितका वेळ त्याचा मार कुणीतरी दुसरा खात असतो.